जिल्हा दैनिकांची पडझड आणि तालुक्याचा वार्ताहर

धागालेखक : भीमातीर

जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणारी मराठी दैनिके आणि साप्ताहिके एकामागून एक आटत चालली आहेत, हे आता कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. कारण विचारले की मोबाइलकडे बोट दाखवून विषय संपवला जातो. जिल्हा दैनिकात आधी डेस्कवर आणि मग बातमीदारीत बरीच वर्षे काढल्यावर मला हे उत्तर अपुरे वाटते. वाचक पेपरपासून तुटण्याच्या कितीतरी आधी पेपर आपल्या वार्ताहरापासून तुटला होता. बातमी आणणाऱ्या माणसाला पैसे देण्याऐवजी त्यानेच पैसे आणून द्यावेत अशी अपेक्षा सुरू झाली, तिथून ही पडझड सुरू झाली, असे माझे म्हणणे आहे.

मराठी पत्रकारितेचा इतिहास सांगताना आपण १८३२ च्या ‘दर्पण’पासून सुरुवात करतो आणि ‘केसरी’वरून थेट मुंबई-पुण्याच्या मोठ्या दैनिकांवर येतो. गावोगावच्या माणसाला रोज पेपर वाचायची सवय लावली ती मात्र जिल्ह्याच्या पत्रांनी. बेळगावचा ‘तरुण भारत’, कोल्हापूरचा ‘पुढारी’, नाशिकचा ‘गावकरी’, सोलापूरचा ‘संचार’, साताऱ्याचा ‘ऐक्य’ ही नावे त्या त्या मुलखाची ओळख होती. आज राज्यभर पसरलेल्या ‘लोकमत’चे मूळही बापूजी अणे यांनी यवतमाळहून काढलेल्या साप्ताहिकात आहे. निजामाच्या राजवटीत आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ साप्ताहिक बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघत असे, आणि पुढे अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली ‘मराठवाडा’ दैनिकाने त्या प्रदेशाच्या विकासाचे प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरले. ते दैनिकही पुढे बंद पडले.

या पत्रांचे बळ तालुक्याच्या वार्ताहरात होते. तो बहुधा शिक्षक, दुकानदार, वकिलाकडचा कारकून किंवा पेपरचा एजंटच असे. पहाटे एसटी स्टँडवर गठ्ठा उतरवून घ्यायचा, पोरांना घरोघर पेपर टाकायच्या लाइनी वाटून द्यायच्या, अकरा वाजता तहसील कचेरी गाठायची, तिथून पंचायत समिती, पोलीस ठाणे, बाजार समिती असा फेरा मारायचा आणि दुपारी हाताने लिहिलेल्या बातम्यांचे पाकीट जिल्ह्याला जाणाऱ्या गाडीच्या वाहकाच्या हाती द्यायचे, असा त्याचा दिवस असे. महिनाअखेरीस तो छापून आलेल्या बातम्यांची कात्रणे कोऱ्या कागदावर चिकटवी, पट्टीने मोजी आणि कॉलम सेंटिमीटरच्या हिशेबाने बिल पाठवी. मानधन तुटपुंजेच असे. पण ते छापलेल्या बातमीचे आहे, याविषयी दोन्ही बाजूंना शंका नसे.

हे नाते बिघडले ते मोठ्या साखळी दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या फोफावल्यावर. ऑफसेट छपाई आणि संगणकामुळे एकाच पेपरची दहा-पंधरा रूपे काढणे सोपे झाले. आवृत्त्यांनी रंगीत पाने दिली, किंमत उतरवली, वर्गणीदाराला भेटवस्तू दिल्या, आणि स्थानिक दैनिकाच्या पोटापाण्याची जी साधने होती, म्हणजे सोन्याचांदीच्या पेढ्या, कापड दुकाने, शिकवण्या, बिल्डर यांच्या जाहिराती, ती एकेक करून ओढून घेतली. २०११ मध्ये ‘दिव्य मराठी’ औरंगाबादेत उतरला तेव्हाची किमतीची आणि योजनांची चढाओढ अनेकांना आठवत असेल. ज्या मालकामागे दुसरा धंदा नव्हता, त्याचे त्या चढाओढीत कंबरडे मोडले. वाचकाला तेव्हा ही चैन वाटली आणि त्यात त्याचा दोष नाही. दोन रुपयांत सोळा पाने कोण नाकारील?

स्थानिक दैनिक खिळखिळे करून जी जागा या आवृत्त्यांनी घेतली, ती त्यांनी पुढे राखलीही नाही. २०२० च्या टाळेबंदीत काही काळ घरोघरी पेपर टाकण्यावरच बंदी आली. जाहिराती आटल्या, पाने घटली, जिल्हा कार्यालये गुंडाळली गेली आणि राजीनामे लिहून घेतले गेले. त्यातून सावरते ना सावरते तोच २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे वृत्तपत्राच्या कागदाचे भाव भडकले. म्हणजे कित्येक तालुक्यांत आधी गावचा पेपर गेला आणि मग गावच्या पेपराला संपवणारा पेपरही गेला.

या सगळ्या काळात वार्ताहराचे काय झाले, हे कुणी सविस्तर लिहिलेले मला दिसत नाही. त्याच्याकडे ‘टार्गेट’ आले. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळीची पुरवणी, आमदारांच्या वाढदिवसाची पुरवणी, दहावी-बारावीच्या निकालाची पुरवणी, आणि प्रत्येकीसाठी तालुक्यातून अमुक इतक्या हजारांच्या जाहिराती. मानधन बंद किंवा नावापुरते, आणि उत्पन्न म्हणजे जाहिरातीवरचे कमिशन. ज्या सरपंचाच्या रस्त्याच्या कामाची मापे आज तपासायची, त्याच्याच दारात उद्या अर्ध्या पानाच्या शुभेच्छांसाठी उभे राहायचे. जाहिरातदाराने पैसे बुडवले तर ते वार्ताहराच्या कमिशनमधून वळते करून घ्यायचे, असाही प्रकार मी एका ठिकाणी जवळून पाहिला आहे. असा माणूस बातमी लिहील कशी? लिहिणारे तरीही लिहीत होते, आणि म्हणूनच मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०२२ च्या सुमारास राज्यातील बहुतेक महानगरपालिका, जिल्हा परिषदा आणि नगरपरिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्याने तिथे वर्षानुवर्षे प्रशासक बसले. सर्वसाधारण सभा असते तेव्हा विरोधी नगरसेवक आरडाओरडा करतो आणि निम्मी बातमी आयती मिळते. प्रशासकाच्या राजवटीत ठराव एकाच सहीने होतात. त्यांचा माग काढायचा तर दप्तरात बसून फाइली चाळाव्या लागतात, माहिती अधिकारात अर्ज करावे लागतात, अपिले करावी लागतात. असे वेळखाऊ काम करणाऱ्या पगारी बातमीदाराची सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्याच वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांतील बातमीदार घरी पाठवले गेले. त्या काळात आपल्या गावात काय काय मंजूर झाले, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

आपापल्या जिल्ह्याचा अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

प्रतिसाद : रात्रपाळी

लेख पटला. डेस्कची बाजू मात्र त्यात कमी आली आहे, म्हणून लिहितो.

जिल्ह्याची पाने जिल्ह्यातच लागत, तेव्हा उपसंपादकाला तालुक्यातले प्रत्येक वडगाव वेगळे ओळखता येई. आता चार-पाच जिल्ह्यांची पाने एकाच शहरातल्या कार्यालयात लागतात. पाने लावणारा मुलगा हुशार असतो, पण त्या मुलखात त्याने पाऊल टाकलेले नसते आणि रात्री दीडपर्यंत त्याला आठ पाने सोडायची असतात. माझ्या डोळ्यांदेखत एका वडगावच्या ज्येष्ठ शेतकऱ्याची निधनवार्ता दुसऱ्या वडगावच्या नावावर छापून गेली. दुसऱ्या दिवशी त्या घरचे लोक कार्यालयात आले. त्यांना भेटायला त्या इमारतीत पहारेकऱ्याशिवाय कुणीच नव्हते, कारण संपादकीय विभाग तिथून हलवला गेला होता. मुद्रितशोधक तर त्याच्या कितीतरी आधी गेले. अशा दोन-तीन चुका झाल्या की एक गाव कायमचे पेपर सोडते.

वेतनाबद्दल एवढेच सांगतो की, पत्रकार आणि वृत्तपत्र कर्मचाऱ्यांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या फेब्रुवारी २०१४ मध्ये वैध ठरवल्या. त्यांतील २०(ज) कलमाचा आधार घेऊन ‘मी आहे त्या पगारावर समाधानी आहे’ अशा कागदांवर देशभर सह्या घेण्यात आल्या. किमान देय वेतन अशा सहीने टळत नाही, असे न्यायालयाने जून २०१७ मध्ये स्पष्ट केले. पण तोपर्यंत कायम नोकरीतले बहुतेक जण कंत्राटावर गेले होते आणि जे भांडायला उभे राहिले त्यांच्या बदल्या पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला झाल्या होत्या. मी सही केली नाही. पुढे माझीही बदली झाली, आणि आईच्या आजारपणामुळे जाता आले नाही म्हणून नोकरी सोडावी लागली.

प्रतिसाद : सडेतोड

मी पूर्णपणे असहमत आहे, आणि ते स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते.

आपण ज्याला जिल्हा पत्रकारिता म्हणता, तिचा मोठा भाग आम्ही व्यावसायिकांनी खंडणी म्हणून अनुभवला आहे. बांधकामाला परवाना मिळाला की आठवड्यात दोन साप्ताहिकांचे संपादक दारात उभे राहत. जाहिरात दिली नाही तर ‘अनधिकृत बांधकाम’ असा मथळा येई, दिली तर ‘शहराच्या वैभवात भर’. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांच्या स्तुतीचे मजकूर बातमीच्या वेशात कसे छापले गेले, हे तर देशभर गाजले आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेलाही त्याची चौकशी करावी लागली. त्यांत छोटी आणि मोठी, दोन्ही प्रकारची पत्रे होती. सरकारी जाहिरातींसाठीच्या शासनमान्य यादीवर टिकण्यापुरत्या मोजक्या प्रती छापणारी साप्ताहिके प्रत्येक जिल्ह्यात आहेत. ती गेली तर लोकशाहीचे काय बिघडणार आहे?

भीमातीर (उत्तर)

सडेतोड यांचा राग रास्त आहे आणि त्यांनी वर्णन केलेले प्रकार घडतात, हे मी नाकारत नाही. पण या खंडणीला पोसले कुणी, हेही पाहावे लागेल. पगार न देता ओळखपत्र द्यायचे आणि ‘त्यावर काय मिळवायचे ते मिळव’ असे सुचवायचे, ही पद्धत मालकांनी रुजवली. तिला नकार देणारा वार्ताहर धंदा सोडून गेला, आणि तिच्यात रमणारा टिकला. चांगली माणसे गाळून टाकणारी चाळणी आपण लावली असेल, तर खाली काय साचले यावरून सगळ्या धान्याची पारख करणे योग्य ठरणार नाही.

शिवाय पेपर बंद पडल्याने खंडणी बंद झालेली नाही. तीच माणसे आज बूम हातात घेऊन यूट्यूब वाहिनी चालवतात. दैनिकात निदान एक वृत्तसंपादक असे, छापील ओळ असे, मुद्रक-प्रकाशकाचे नाव असे आणि त्या नावावर अब्रुनुकसानीचा दावा लावता येई. अर्थात त्या वाहिन्या चालवणाऱ्यांत प्रामाणिकपणे धडपडणारी तरुण मुलेही आहेत, हे इथे नोंदवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या ११ व्या कलमानुसार प्राथमिक अधिसूचना त्या परिसरात खपणाऱ्या दोन दैनिकांत प्रसिद्ध करावी लागते आणि त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. त्या परिसरात खपणारे दैनिकच उरले नाही, तर नोटीस कुठल्या तरी पेपरात छापून येईल, कायद्याची पूर्तताही होईल आणि ज्याची जमीन जाणार तो ती वाचणार नाही. जाहिरात बातमीपेक्षा महत्त्वाची ठरते असे प्रसंग असतात. हा त्यांपैकी एक.

प्रतिसाद : गठ्ठेवाला

मी वडिलांपासून चालत आलेली पेपरची एजन्सी सांभाळतो. विक्रेत्याच्या बाजूनेही थोडे लिहितो.

टाळेबंदीत लाइनी तुटल्या त्या पुन्हा जुळल्या नाहीत. पेपरमुळे विषाणू येतो अशी भीती घरोघर बसली होती, आणि त्याच महिन्यांत पीडीएफ मोबाइलवर फुकट फिरू लागले. भीती गेली, पण फुकटची सवय राहिली. पेपर टाकणारी पोरेही आता मिळत नाहीत. खाण्याचे डबे पोचवले तर त्यांना जास्त सुटतात. आमच्या गावात उरलेले वर्गणीदार बहुतेक साठीच्या पुढचे आहेत, आणि दर महिन्याला कुठल्या तरी घरून निरोप येतो, ‘आता टाकू नका, वाचणारे गेले.’

तरीही माझा एक अनुभव सांगतो. शेजारच्या गावातल्या पाणी योजनेच्या अपूर्ण कामावर आमच्या वार्ताहराने एकदा जुनी सगळी बिले मांडून पान तीनवर बातमी केली होती. त्या दिवशी सकाळी साडेसातला माझ्याकडे एकही प्रत उरली नाही. लोक बातमी विकत घ्यायला तयार असतात. पण तशी बातमी वर्षातून एकदा आली, तर उरलेले दिवस ते पैसे कशाचे देतील?

प्रतिसाद : तळ्याकाठी

मी ओहायोत राहते. इथल्या यंग्सटाउन शहराचे ‘द व्हिंडिकेटर’ हे दीडशे वर्षांचे दैनिक ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झाले. नाव शेजारच्या दैनिकाने घेतले आणि त्या नावाने अंक निघतो, पण जुने कार्यालय आणि तिथली बहुतेक माणसे गेली. २००५ नंतर अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली आहेत. इथल्या अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, स्थानिक दैनिक बंद झालेल्या भागांत नगरपालिकांना कर्जरोख्यांवर अधिक व्याज मोजावे लागू लागले, कारण कारभारावर कुणाचे लक्ष नाही हे सावकारालाही कळते. सडेतोड यांनी विचारलेल्या ‘काय बिघडणार आहे’ या प्रश्नाचे हे निदान एक रोकडे उत्तर आहे.

प्रतिसाद : मांडवीपार

गोव्यातून थोडे. १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी पणजीचा ‘गोमंतक’ महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता आणि मडगावचा ‘राष्ट्रमत’ विरोधात. दोन्ही मराठी दैनिके. ‘राष्ट्रमत’मधले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लोक एकमेकांना वाचून दाखवत, असे घरातल्या मोठ्यांकडून ऐकत आलो आहे. एका लहानशा प्रदेशाचे भवितव्य ठरत असताना त्याच्या दोन्ही बाजू त्याच्याच मातीतल्या पत्रांतून, एकाच भाषेत आणि पूर्ण ताकदीने मांडल्या गेल्या. ‘राष्ट्रमत’ पुढे बंद पडला. आज असा कौल घ्यायची वेळ आली, तर वाद कुठे होईल?

प्रतिसाद : वार्ताहर, तालुका

मी अजून या धंद्यात आहे, म्हणून गावाचे नाव देत नाही.

वर ज्यांनी टार्गेटबद्दल लिहिले ते शब्दशः खरे आहे. मी दोन पेपरांना बातम्या देतो. एका ठिकाणाहून महिन्याला जे मिळते त्यात माझ्या मोटारसायकलचे पेट्रोल भागते. दुसऱ्या ठिकाणाहून केवळ कमिशन. घर शेतीवर आणि पत्नीच्या शिवणकामावर चालते. नेमणूकपत्र दोन्हींकडचे नाही. हे पत्र नसणे किती ठिकाणी आडवे येते, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. ज्येष्ठ पत्रकारांसाठी राज्याची बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाची सन्मान योजना आहे, तिला ठरावीक वय आणि अनेक वर्षांचा अनुभव लागतो. तो अनुभव मी कशाने सिद्ध करणार? पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१७ मध्ये विधेयक संमत केले, ते २०१९ मध्ये लागू झाले. पण त्याच्या व्याख्येत नियमित किंवा कंत्राटी नेमणूक धरलेली आहे. माझी नेमणूक फक्त तोंडी आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे यांना गाडीखाली घेण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. बारसूच्या प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या संदर्भात ते लिहीत होते आणि त्यांची शेवटची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. त्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या आम्ही सगळ्यांनी तहसीलदारांना निवेदन दिले, फोटो काढला, बातमी पाठवली. रात्री पत्नीने विचारले की, वाळूच्या गाड्यांची जी बातमी लिहितो आहेस ती पाठवणार का. मी पाठवली. ती छापून आली नाही, आणि का आली नाही हे मी विचारले नाही, कारण दिवाळीच्या पुरवणीची वसुली बाकी होती.

सडेतोड साहेबांना एकच सांगणे आहे. तुमच्या दारात येणारे असतील, त्यांच्याशी माझे काही नाते नाही. पण तालुक्यात कुठल्या गावाच्या टाकीत पाणी चढत नाही आणि कुठल्या शाळेचे पत्रे उडाले आहेत, हे मला पाठ आहे. ते छापणारा पेपर मला मिळत नाही.

प्रतिसाद : सडेतोड

आपला प्रतिसाद वाचून थोडा वेळ थांबावे लागले. माझा अनुभव खोटा नाही. परंतु तो आपल्यासारख्यांना लागू होत नाही, हे मान्य करतो.

एक व्यवहाराचा प्रश्न विचारतो, कारण मी हिशेबाचा माणूस आहे. जाहिरातीवाचून तालुक्याचे साप्ताहिक चालू शकेल का? मी ढोबळ आकडे मांडून पाहिले. बाराशे वर्गणीदार, वर्षाला पाचशे रुपये, म्हणजे सहा लाख. आठ पानी अंकाची छपाई प्रतीमागे चार रुपये धरली, तर बावन्न अंकांचे अडीच लाखांच्या आसपास होतात. टपाल, वाटप आणि डीटीपीसाठी (संगणकावर पाने लावण्यासाठी) पन्नास हजार काढले तर तीन लाख उरतात. त्यात एका बातमीदाराला महिन्याला पंचवीस हजार देता येतात, एवढेच. मालकाला नफा नाही, कार्यालय नाही, दुसरा माणूस नाही. पण एक माणूस उभा राहतो. दीड लाख वस्तीच्या तालुक्यात बाराशे घरे मिळतील का, हे गठ्ठेवाला यांनी सांगावे.

प्रतिसाद : गठ्ठेवाला

एकदम नाही मिळणार. तीनशे घरे मी माझ्या लाइनीतून मिळवून देऊ शकतो, तेही वर्गणी आगाऊ. उरलेली बाजारपेठेतून आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांकडून यावी लागतील. गावची खबर मिळावी म्हणून ते पैसे द्यायला मागेपुढे पाहणार नाहीत. पहिले सहा महिने बातमीदाराचा पगार वर्गणीतून निघणार नाही, तो आधी बाजूला काढून ठेवावा लागेल.

भीमातीर (उत्तर)

तसे असेल, तर सहा महिन्यांचे दीड लाख रुपये आधी उभे करू आणि मगच नोंदणीकडे वळू. नियतकालिकांच्या नोंदणीच्या २०२३ च्या नव्या कायद्यानुसार शीर्षक आणि नोंदणी यांचा अर्ज आता एकत्रच ऑनलाइन करता येतो, त्यामुळे पूर्वीसारखे हेलपाटे पडत नाहीत. रात्रपाळी यांनी पाने लावायची जबाबदारी घ्यावी अशी विनंती आहे. ‘वार्ताहर, तालुका’ यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. सर्वांत आधी त्यांचे नेमणूकपत्र तयार करायचे आहे, आणि वाळूच्या गाड्यांची ती बातमी त्यांच्याकडे अजून असेल तर तीही सोबत हवी आहे.